पोकलेनच्या पोटातलं पाणी

खाणमालक भैरूशेठ दसऱ्याला पोकलेनला हौसेनं हार घालायचे, पण इंजिन थंड ठेवणारं कूलंट बदलू म्हटलं की उखडायचे. इंजिन तापून ऐन खाणीत बंद पडेल, या धास्तीनं ऑपरेटर इलाहीचा जीव टांगणीला लागलेला. शेवटी एका सकाळी त्यानं गंजानं लाल झालेलं कूलंट बादलीत काढलंच. तेवढ्यात शेठ नव्या गाडीतून उतरले.

"चांगलं कूलंट काढलंस? परत भर!"

"एवढं चांगलं असेल, तर तुमच्या गाडीतच भरतो," म्हणत इलाही बादली घेऊन गाडीकडे निघाला.

शेठ आडवे आले. "अरे, माझी गाडी आहे ती!"

"आणि पोकलेन कुणाचा, शेठ?"

शेठ खाकरले. "आतून स्वच्छ धुऊन घे. नवीन मागवतो."

नवीन कूलंट भरलं त्या दिवशी इलाहीनं तापमानाच्या काट्याकडे न बघता निवांत डबा खाल्ला.