पहिली बुडी

फार फार वर्षांपूर्वी ओढ्याच्या दरडीत बीळ करून एक खंड्या पक्षीण राहायची. "पंख फुटले, तरी पोरं बाहेर पडत नाहीत! आम्ही या वयात पहिल्याच बुडीत मासा धरायचो," असं ती रोज कुरकुरायची आणि रोज मासा बिळात नेऊन भरवायची.

"अगं, घास चोचीत आल्यावर ओढ्यावर कोण येईल?" म्हातारं कासव म्हणालं.

दुसऱ्या दिवशी ती मासा घेऊन समोरच्या फांदीवर बसली. पोरं भुकेने ओरडली. तिचं काळीज तुटलं, पण ती हलली नाही. शेवटी धाकटी उडत आली, तशी आईने मासा पाण्यात सोडला. धाकटीने सूर मारला आणि वर आली ती काटकी घेऊन.

"आई, धरला!"

बिळातली भावंडं खिदळली. धाकटीची मान खाली गेली.

आई तिच्याजवळ सरकली. "हसू नका रे," ती म्हणाली, "मीही पहिल्यांदा काटकीच आणली होती."

बिळातून एकेक डोकं बाहेर आलं.