कोंडाईच्या तळहातावरचं तेल

हिरडेमेटला अजून वाट फुटली नव्हती, कड्याखालच्या रानात वाघाचा वावर होता आणि आजाऱ्याला डोलीत घालूनच डोंगर उतरवावा लागे, त्या फार मागच्या काळातली ही गोष्ट. किती मागच्या, ते विचारू नये. ज्यांना माहीत होतं ते सांगायला राहिले नाहीत, आणि जे सांगतात त्यांना माहीत नाही.

हिरडेमेट म्हणजे कड्याच्या पोटाशी बसलेली चार घरांची वस्ती. पोट भरायचं ते मधावर. कड्याला आग्यामोहोळं लोंबत, आणि गडी वेलींच्या शिड्या सोडून, धूर करून ती उतरवत. मध गोड, पण कडा काही गोड नव्हता. दर साली कुणी ना कुणी पडे. म्हणून त्या खोऱ्यात पुजाऱ्यापेक्षा हाडवैद्याला मान जास्त होता. पुजारी चुकला तर देव सांभाळून घेतो. हाडवैद्य चुकला तर माणूस जन्मभर खुरडतो.

या हाडवैद्यांची एक रीत होती. शिकणाऱ्यानं गुरूच्या घरी राहायचं, कामट्या तासायच्या, पाला वाटायचा आणि बघायचं. मोडल्या हाडाला हात लावायचा नाही. तो तयार झाला असं गुरूला वाटलं, की भैरोबाच्या जत्रेत सगळ्यांदेखत गुरू त्याच्या तळहातावर तेल ओती. तेल पडलं की तो वैद्य. नाही पडलं तर शिकाऊच, मग दाढी पिकली तरी.

हिरडेमेटचा वैद्य होता नागोजी. त्याच्याकडे कोंडा शिकायला गेली. मध काढणाऱ्या बाळोजीची ही लेक. पोरीच्या जातीनं वैद्यकी शिकायची म्हणजे काय, असं लोकांनी विचारून पाहिलं. नागोजी म्हणाला, "हाडाला बाई-बाप्या कळत न्हाई," आणि पाला वाटायला बसला.

नागोजीचं शिकवणंही जगावेगळं. त्यानं कोंडाला वर्षानुवर्षं धडधाकट माणसंच चाचपायला लावली. "धड हाड ज्याला ठावं न्हाई, त्याला मोडकं काय कळनार?" मग काय, कोंडा दिसेल त्याचं मनगट धरायची, घोटा दाबायची, पाणवठ्यावरच्या बायकांचे खांदे चाचपायची. "कोंडी आली, हातपाय आवरा," असं लोक म्हणायचे. असं म्हणतात, की पुढे पुढे ती डोळे मिटून नुसतं मनगट धरायची आणि माणसाचं नाव सांगायची.

सगळ्यांत जास्त मनगट तिनं धरलं ते सखोजीचं. सखोजी म्हणजे कड्यावर पहिला उतरणारा गडी. दोघांची सुपारी फुटली होती, त्यामुळे लोक हसायचे आणि दुसरीकडे बघायचे.

आणि एके दिवशी सखोजी पडला.

झाडात अडकला म्हणून वाचला, पण उजवा हात कोपराखाली मोडला. नागोजी नदीपल्याड कुणाचा पाय बांधायला गेला होता. दुसरा वैद्य दौलती, तो कोळथणला, डोंगर उतरून पार खाली. सखोजीचा बाप म्हणाला, "डोली करू." पण कोंडानं तो हात पाहिला आणि तिच्यानं राहवलं नाही. हाड कुठं सरकलंय, कसं ओढलं तर बसेल, हे तिच्या बोटांना दिसत होतं. हातावर तेल नव्हतं. माया मात्र होती, आणि मायेला कुठला आलाय दम? तिनं हाड बसवलं. इतकं सरळ, की नागोजीलाही त्याहून सरळ बसवता आलं नसतं.

मग बांधायची वेळ आली. बांधायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पण ती मध काढणाऱ्याची लेक. बाप शिडी कशी बांधतो, ते ती रांगत होती तेव्हापासून पाहत आलेली. आपट्याची ओली साल घ्यायची, कचकचून ओढायची, वर दुहेरी गाठ मारायची. साल वाळली की आणखी आवळते आणि शिडी जन्मात निसटत नाही. कोंडानं कामट्या लावल्या आणि आपल्या माणसाचा हात शिडीसारखा बांधला.

संध्याकाळी सखोजी म्हणाला, "कोंडे, आवळतंय गं."

ती म्हणाली, "हाड बसतंय, दुखनारच. ढिलं केलं तर सरकंल."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "बोटांला मुंग्या येत्यात." ती म्हणाली, "धीर धरा." तिसऱ्या दिवशी तो काहीच म्हणाला नाही. दुखायचं थांबलं होतं. कोंडाला इतका आनंद झाला, की ती भैरोबाला नारळ फोडून आली.

नागोजी परत आला तेव्हा बोटं काळी पडली होती. सालीची गाठ त्यानं कोयत्यानं तोडली, पण उशीर झाला होता. हात गेला. जीव वाचावा म्हणून तो कोपरापाशी काढावा लागला. सखोजी तिला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

कोंडानं ओढ्यावर जाऊन आपट्याची साल सोलली, ओली केली, आणि आपल्याच डाव्या हाताला दातांनी ओढून बांधली. मग उन्हात बसून राहिली. साल वाळत गेली. आधी ठणका आला, मग मुंग्या आल्या, मग बोटं निळी पडली, आणि शेवटी काहीच वाटेना. ते काहीच न वाटणं तिला कळलं, तेव्हा ती गुरासारखी ओरडली. नागोजीनं धावत येऊन साल कापली. तिचा हात वाचला. म्हातारा तिच्याजवळ खाली बसला आणि पहिल्यांदाच तिच्यादेखत रडला.

लग्न झालं नाही. कोंडा म्हणाली, "ज्या हातात हात द्यायचा, त्योच म्या घालवला. आता कुठल्या तोंडानं?" सखोजीनं आर्जवं केली, त्याच्या बापानं केली, ती ऐकेना. सखोजीनंही दुसरी केली नाही. दोघांच्या झोपड्यांमध्ये एक हिरड्याचं झाड होतं. त्याच्या अलीकडे ती राहिली आणि पलीकडे तो, जन्मभर.

त्या साली जत्रेत वैद्यांचा मोठा वाद झाला. दौलती शिष्याला एका पावसाळ्यात तयार करी आणि तेल ओती. तो उठून म्हणाला, "नागोजी, तू एक तप शिकवतोस. तवर मानसं डोलीतच मरत्यात. आन एवढं शिकवून पोरीला साधं बांधाया शिकवलं न्हाईस." नागोजीला हे झोंबलं, कारण ते खरं होतं. तो म्हणाला, "तुज्या पावसाळी वैद्यांनी किती पाय वाकडे केले, त्ये बी सांग की." दौलतीला तेही झोंबलं, कारण तेही खरं होतं. मग काय विचारता! एक म्हणे तप, दुसरा म्हणे पावसाळा, तिसऱ्यानं मधला भाव काढला. ऊन कललं तरी बाजार चालूच.

तेव्हा सखोजी उभा राहिला. अंगरख्याची उजवी बाही रिकामी लोंबत होती. तो म्हणाला, "म्या दोनदा सांगितलं, आवळतंय म्हनून. ऐकाया कवा शिकवता, तेवढं बोला. तपाचं नि पावसाळ्याचं तुमी मागनं बघा."

नागोजी कोंडाकडे वळला. "चूक माजी बी हाय," तो म्हणाला. "वरीसभर माज्याजवळ बांधाया शीक. पुढल्या जत्रंला तुज्या हातावर तेल ओतीन."

ते वर्ष कोंडा त्या एका शब्दावर जगली. पण ऐन पावसाळ्यात नागोजी तापानं गेला. पुढल्या जत्रेत गुरूंनी शिष्यांच्या हातावर तेल ओतलं, आणि कोंडा मागे उभी राहून पाहत होती. दौलती मनाचा वाईट नव्हता. तो तेलाची बुधली घेऊन तिच्याजवळ आला. "ये, म्या ओततो. उद्यापासनं वैद्य हो." कोंडानं हात पदराखाली घेतले. "माजं तेल नागोजीबाबाकडं राह्यलंय," ती म्हणाली.

गावाला वैद्य उरला नाही. कोंडा पाला वाटून देई, कामट्या तासून ठेवी, पण मोडल्या हाडाला हात लावत नसे. मग एका श्रावणात सखोजीची पुतणी झाडावरून पडली. पोरीचा हात मोडला. नदीला पूर होता, डोली उतरणार कुठून? सखोजी पोरीला खांद्यावर टाकून कोंडाच्या दारात आला.

"माज्या हातावर तेल न्हाई," कोंडा म्हणाली.

"ठावं हाय," सखोजी म्हणाला.

"तुमच्या हाताचं काय झालं, त्ये ठावं हाय न्हवं? मग माज्याकडंच कशी आनली?"

"हात कसा मरतो, त्ये तुला ठावं हाय. दुसऱ्या कुनाला ठावं हाय? बांध. म्या हितंच बसतो."

कोंडानं हाड बसवलं, साल बांधताना बोटभर जागा सोडली, आणि विचारलं, "आवळतंय का?" पोर नाही म्हणाली. साल थोडी सुकली, तिनं पुन्हा विचारलं. पोर हो म्हणाली. तिनं सोडून परत बांधलं. पोर कंटाळली, चिडली, मला विचारू नको म्हणाली, तरी ती विचारत राहिली. सखोजी आपल्या डाव्या हातानं पोरीची बोटं धरून बसला होता, ऊब आहे का बघत. असं म्हणतात, की त्या दिवशी कोंडाचं ऐकणं इतकं लांब गेलं, की सालीआड रक्त वाहतं तेही तिला ऐकू आलं, जमिनीखालचं पाणी पाणाड्याला कळावं तसं. पोरीचा हात बरा झाला. तिनं पुढे त्याच हातानं जन्मभर दळण दळलं.

तिथून कोंडाची कोंडाई झाली. लांबलांबून डोल्या येऊ लागल्या. असं म्हणतात, की कोंडाईच्या दारात हात बांधून घेतलेला माणूस कड्यावर परत गेला, तर मधमाश्याही त्या हाताला डसत नसत. माश्यांचं काय खरं ते माश्यांना माहीत. पण कुणी पाया पडायला वाकला, तर ती पाय मागे घेई. "म्या शिकाऊ हाय. चुकलं तर सांगा," म्हणे.

दौलतीनं आपले पावसाळी वैद्य तिच्याकडे धाडले. ती त्यांना काही सांगायच्या आधी त्यांचेच हात ओल्या सालीनं बांधून उन्हात बसवी. जो लाजेपोटी गप्प बसे, त्याला ती घरी पाठवी. जो "आवळतंय" म्हणे, त्याला ठेवून घेई. शिकवणं संपलं, की प्रश्न पडे तेलाचा. जिच्याच हातावर तेल नाही, ती दुसऱ्याच्या हातावर काय ओतणार? मग तिनं रीत घातली. शिष्यानं बांधलेला जो पहिला माणूस, त्यानं बऱ्या झालेल्या हातानं तेल ओतावं.

लोक म्हणाले, "आई, मग तुजं तेल बी सखोजीच्या पुतणीनंच ओतावं की." कोंडाईनं मान हलवली. तिनं पहिल्यांदा बांधलेला माणूस हिरड्याच्या पलीकडे राहत होता, आणि तेल ओतायला तो हातच उरला नव्हता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सखोजीला मात्र सांगावं लागलं नाही.

दर जत्रेला ती तेलाचा सोहळा पाहायला जाई, मागे उभी राही, आणि घरी येऊन आपले कोरडे तळहात बघत बसे. तिला वाटे, एकदा पडावं. थेंबभर का होईना, पडावं. इतके लोक बरे झाले, तरी ते वाटणं काही गेलं नाही.

कोंडाई गेली ती भर दुपारी, हिरड्याखाली, एका पोराचा घोटा चाचपता चाचपता. गाव जमलं. सखोजी तेव्हा पार वाकला होता. तो झोपडीत गेला आणि तेलाची बुधली डाव्या हातात घेऊन आला. कुणी म्हणालं, आता कशाला. तो तिच्याजवळ बसला. तिचा तळहात त्याला उघडायचा होता, पण एका हातानं बुधली धरायची की तळहात? असं म्हणतात, की तेव्हा ती मूठ आपणहून उघडली. सखोजीनं तेल ओतलं. सगळी बुधली ओतली. एक थेंब खाली सांडला नाही, तळहात सगळं तेल पिऊन गेला.

आज हिरडेमेटला सडक आहे. खाली सरकारी दवाखाना आहे, आणि तिथे शिकून आलेले डॉक्टर बसतात. नवा डॉक्टर आला, की गाव त्याला हिरड्याखाली नेतं, त्याच्या हाताला ओली साल बांधतं आणि चहा पाजत बसवून ठेवतं. काही हसतात, काही रागावतात. तेल त्यांच्या हातावर तेव्हा पडत नाही. प्लास्टर निघालेला पहिला माणूस कधीतरी बुधली घेऊन जातो.

आणि त्या खोऱ्यात कुणीही कुणाला काही बांधलं, लेकराची कुंची असो, नवरीच्या मुंडावळ्या असोत की म्हाताऱ्याचा पटका, तर बांधणारी बाई गाठ मारायच्या आधी थांबते. "आवळतंय का?" म्हणून विचारते. घाई असली, वरात खोळंबली असली, तरी उत्तर आल्याशिवाय ती गाठ मारत नाही.