न आलेला पूर आणि धाकटी सून

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात एक नवी सून आली. लग्नात तांदळात लिहून तिचं नाव बदललं होतं. जुनं नाव माहेरी राहिलं आणि नवं अजून कोणाच्या तोंडी बसलं नव्हतं, म्हणून सगळे तिला नुसतं 'धाकटी' म्हणत.

माहेर नदीच्या पलीकडच्या काठावरच होतं. घाटावर उभं राहिलं की आईच्या घरावरचा धूर दिसे. पण त्या गावची रीत अशी, की सुनेला न्यायला माहेरचा मुराळी यावा लागे, म्हणजे भाऊ नाहीतर भाऊबंदांतला कोणी पुरुष. मुराळी सोबत नसेल तर नावाडी बाईला होडीत घेतच नसे. धाकटीला भाऊ नव्हता, वडील गेलेले, भाऊबंद नावालाच. आई एकटी. त्यामुळे लग्नापासून धाकटी घाटावर धुणं धुताना फक्त धूर बघे. ज्या दिवशी धूर दिसत नसे, त्या दिवशी तिला घास गिळवत नसे.

गावची आणखी एक रीत होती. बाईने नदीत गुडघ्याच्या वर जायचं नाही, नदी कोपते. पुरुष डुंबत, म्हशी डुंबत. त्यांच्यावर नदी कोपल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

एके वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर राजाची दवंडी आली. वर डोंगरातल्या मोठ्या तलावाच्या बांधाला तडा गेला आहे. बांध फुटला तर गाव पाण्याखाली जाईल. होडी एकच आणि गाव मोठं. पाटलांनी बराच विचार केला आणि हुकूम काढला, की बायकांनीसुद्धा पोहायला शिकायचं.

"आणि नदीचा कोप?" कोणीतरी विचारलं.

"यंदा नाही," पाटील म्हणाले.

हे नदीने त्यांना कधी कळवलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मग घरोघरचे वाळलेले भोपळे खाली उतरले. पाठीला भोपळा बांधून, काष्टा घट्ट खोचून बायका रोज सकाळी डोहात उतरू लागल्या. शिकवायला परगावची एक कोळीण होती. ती काठावरून ओरडे, "पाण्याला आवळून धरू नका गं बायांनो. ते काय पळून जातंय?"

धाकटीची सासू सगळ्यांत जास्त कुरकुरे. गुडघे धरलेत, हे वय आहे का असल्या धंद्यांचं, असं तिचं चालू असे.

"आत्याबाई, पाय मारा," धाकटी म्हणायची.

"मारते. बाहेर आले की तुलाच मारते."

पण सासू पाय मारत राहिली.

पावसाळा आला. पडायचा तेवढा पाऊस पडला. राजाच्या माणसांनी बांध बुजवला आणि पूर काही आला नाही. आता कोणालाही वाटेल, की गावाने नारळ फोडला असेल, सुटलो म्हणाले असतील. तसं झालं नाही. पूर आला नाही याचाच गावाला राग आला. धान्य टेकडीवर चढवलं ते उगाच, बसायला उंच माच्या बांधल्या त्या उगाच, असं पारावर रोज चाले. आणि फिरून फिरून गाडी बायकांवर येई. यांना उगाच पाण्यात सोडलं म्हणे. जसं काही बायकांनीच राजाला निरोप धाडला होता.

शेवटी पाटलांनी दुसरा हुकूम काढला. भोपळे चावडीत जमा करा, आणि बायकांनी पुन्हा गुडघ्यापर्यंतच.

बायकांनी मुकाट्याने भोपळे आणून दिले. पाटलांनी ते मोजून खोलीत टाकले, कडी लावली आणि बायकांचं पोहणं बंद झालं असं मनात धरलं. भोपळा बांधणं केव्हाच सुटलं होतं, हे बायकांनी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

पुढे सुगीच्या दिवसांत एकदा पलीकडचा धूर दिसेना. दुसऱ्या दिवशीही दिसला नाही. धाकटी नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही जाऊन बघून येता का?"

तिचा नवरा भला माणूस होता, म्हणजे कशातच पडत नसे. "आपण आपलं न बोलावता कसं जायचं?" तो म्हणाला. "बरं दिसत नाही ते. कोणी आलं न्यायला तर जा की तू."

कोण येणार होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने कोरडं लुगडं गाठोड्यात बांधून डोक्यावर घेतलं आणि ती नदीत उतरली. गुडघ्याच्या वर, कंबरेच्या वर, मग पाय सुटले. नदी कोपली नाही. पलीकडे आई तापाने पडून होती, घरात पाण्याचा तांब्यासुद्धा रिकामा. धाकटीने चूल पेटवली, पेज केली, आईजवळ राहिली. आई उठून बसू लागली तेव्हा ती गेली तशीच पोहत परत आली.

घाटावर पाटील आणि चार माणसं वाटच बघत होती. तिथून तिला सरळ चावडीत नेलं. सगळं गाव गोळा झालं.

"सूनबाई, तुझा मुराळी कोण?" पाटलांनी विचारलं.

"कोणी नाही. मीच मला घेऊन गेले."

पुरुष हसले. पाटील हसले नाहीत. "पोहायला शिकवलं ते पुरासाठी. माहेरी हुंदडायला नाही."

"पूर आला नाही, त्यात माझं काय चुकलं?" धाकटीचा आवाज बारीकच होता, पण पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं. "शिकलेलं परत कसं करतात ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा. करते."

पाटलांना ते माहीत नव्हतं, म्हणून ते रागावले. "देवापुढे शपथ घे, पुन्हा पाण्यात पाय घालणार नाही म्हणून. नाहीतर सासरचं दार तुला बंद."

धाकटीने सासरच्या माणसांकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघत होता. आई अजून पुरती बरी नव्हती. आणि शपथ मोडायची असं ठरवून शपथ घेणं तिला जमणारं नव्हतं. "नाही घेत," ती म्हणाली.

"बघा वहिनी," पाटील सासूला म्हणाले, "आता तुम्हीच सांगा. दार तुमचं आहे."

"माझंच आहे," सासू म्हणाली. "म्हणून ते कधी लावायचं तेही मीच ठरवीन. पाटील, मी इथे कशी बसले आहे ते दिसतंय का?"

"कशी म्हणजे?"

"मांडी घालून. किती वर्षांत बसता येत नव्हतं मला. देवापुढेसुद्धा पाय लांब करून बसायचे. लेप झाले, तेल झालं, तुमचा वैद्य झाला. गुडघे सुटले ते पाण्यात पाय मारून. तुमचा पूर येवो न येवो, मी रोज पहाटे डोहात जाते. माझ्या सुनेला हाकलायचं तर आधी मला हाकला. आणि मग आणखी कोणाकोणाला हाकलायचं ते बघून घ्या."

पाटलांनी मागे बसलेल्या बायकांकडे पाहिलं.  सकाळची वेळ होती, आणि त्यांच्यातल्या निम्म्याजणींच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. त्यांत पाटलीणबाईही होत्या.

 हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ, असं पाटील म्हणाले. ती बैठक अजून व्हायची आहे.

त्या नदीला पूर पुढेही कधी आला नाही. कोणी बुडालं नाही, धाकटीने कोणाला वाचवलंही नाही. ती आईकडे जाऊन येऊ लागली, एवढंच. एकदा परत निघताना आईने काठावर तिला विचारलं, "आता कधी येशील गं?"

"मनात येईल तेव्हा," धाकटी म्हणाली, आणि पाण्यात उतरली.

तात्पर्य: संकट आलं नाही म्हणून त्यासाठी शिकलेलं वाया जात नाही. ते आपलं झालेलं असतं, आणि ते परत मागायचा हक्क कोणालाही नसतो, शिकायचा हुकूम ज्याने दिला त्यालासुद्धा नाही.