चाकातला खिळा

गाड्या आपलं शहाणपण आकाशातून मागवू लागल्या, त्या काळातली ही गोष्ट. जनावरांच्या डॉक्टर कुंदाताईंची विजेवरची गाडी अंगणात उभी राहून नव्या अपडेटची वाट बघत होती. तिच्या मागच्या चाकात खिळा रुतला होता आणि हवा हळूहळू निघून चालली होती.

"बाई, ताईंना कळू द्या," चाक म्हणालं. "इशाऱ्याचा दिवा का विझवलात?"

"अपडेट आज-उद्या येतंय. त्यात सगळं सुधारून येतं," गाडी म्हणाली. "तोवर कुरकुर नको."

दुपारी निरोप आला. घाटाखालच्या वाडीत गाय अडली होती. कुंदाताई पिशवी घेऊन धावतच गाडीत बसल्या.

घाट सुरू झाला तसं चाक डगमगू लागलं. "बाई, अजून वेळ आहे. थांबा."

"येतंय रे. जरा दम धर."

चाकाने जमेल तेवढा दम धरला. एका अवघड वळणावर मात्र ते बसलं. गाडी फरफटत गेली आणि कठड्याला टेकून थांबली. पलीकडे दरी होती. खालून गाईचं हंबरणं ऐकू येत होतं.

गाडी थांबली आणि अपडेट आलं. पडदा उजळला. नव्या शहाणपणाने गाडीने जी पहिली गोष्ट ओळखली, ती ठणकावून सांगितली, "मागच्या चाकात हवा नाही."

चाकात आता बोलण्यापुरतीही हवा उरली नव्हती.