माकडटोपीची किटली आणि हौसाचं स्थळ

डोंगराखालच्या एका गावात दौलू नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणायचं ते गाव. त्याची आई गजराबाई, तिला दुसराच शब्द सुचायचा, पण पोटचा पोर म्हणून ती तो गिळून टाकायची.

दौलूचं लग्न काही जमत नव्हतं. पाहुणे यायचे, दौलूशी दोन शब्द बोलायचे आणि चहा न घेताच उठायचे. आता पलीकडच्या गावचे केरबा आपल्या लेकीला, हौसाला घेऊन घर बघायला येणार होते. हौसा हुशार, कामाला वाघ. हे स्थळ गेलं तर दौलू जन्मभर तसाच राहणार, या धास्तीनं गजराबाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. शेवटी तिनं ठरवलं, घरच असं सजवायचं की पाहुण्यांची नजर पोराकडं जाताच कामा नये.

पण सजवायला घरात होतं काय? ट्रंकभर जुने स्वेटर. दौलूचा बाप डोंगरावरच्या हॉटेलात चौकीदार होता. थंड हवा खायला आलेले लोक स्वेटर विसरून जायचे आणि तो ते घरी आणायचा. बाप गेला, स्वेटर राहिले.

"दौलू," गजराबाई म्हणाली, "तुझ्या अंगातल्या त्या पिवळ्या स्वेटरची उशी कर. आत कापूस भर आणि गळा शिवून टाक."

"बरं, आये."

गजराबाई दळण घेऊन परत आली, तर ओट्यावर एक भली मोठी पिवळी उशी बसली होती. उशीला पाय होते.

"आये, उशी झाली," आतून आवाज आला. "पण मला काय दिसत न्हाई."

शेवटचा टाका त्यानं आतूनच घातला होता. गजराबाईनं कात्री घेऊन त्याला बाहेर काढलं आणि उशी स्वतःच पुन्हा शिवायला घेतली. त्याच्या मिशीतला कापूस वेचता वेचता ती म्हणाली, "आरं, आधी अंगातनं काढायचं असतंय! कुठलंबी काम असू दे, आधी काढायचं, मग पुढचं करायचं. ध्यानात ठेव."

दौलूनं ध्यानात ठेवलं.

मग तिनं एका हिरव्या आणि एका तपकिरी स्वेटरच्या बाह्या कापल्या. "ह्या खुर्चीच्या पायांत घाल, मोज्यासारख्या. म्हंजी फरशीवर ओरखडं उठायचं न्हाईत."

"बरं, आये."

थोड्या वेळानं तिला करवतीचा आवाज आला. ती धावत आली. खुर्चीचे चारही पाय भिंतीशी ओळीनं निजवलेले होते. चौघांच्या अंगात मोजे.

"हे काय केलंस?"

"आधी काढलं, मग घातलं."

घरात खुर्ची एकच होती. गजराबाईला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. "आरं बाबा, वस्तू जिथं हाय तिथंच राहू द्यायची. जागची हलवायची न्हाई. वरनं नुसतं चढवायचं!"

दौलूनं तेही ध्यानात ठेवलं.

मग ट्रंकेतून एक लाल माकडटोपी निघाली, वर गोंडा असलेली. "ही किटलीला घाल," गजराबाई म्हणाली. "तोंडाच्या भोकातनं नळी बाहेर येतीय का बघ. चहा गरम ऱ्हाईल, दिसंलबी झ्याक."

किटली तेव्हा पेटत्या चुलीवर होती. दौलूनं ती जागची हलवली नाही. वरून नुसती टोपी चढवली. गोंडा आधी पेटला.

घरभर धूर झाला. शेजारणी कळशा घेऊन धावल्या. सगळं विझल्यावर गजराबाई म्हणाली, "आता कशाला हात लावू नकोस. नुसता बघ आणि शीक."

तिनं किटलीसाठी ट्रंकेतला सगळ्यात मोठा निळा स्वेटर काढला. दौलूला राहवलं नाही. "आये, ह्यो लई मोठा हाय. किटलीला कसा बसंल?"

"मोठा असला म्हणून काय झालं? लोकर हाय ती. उकळत्या पाण्यात घालून ढवळायची. आटती, घट्ट होती, मग बसती बरोबर. पण आधी नुसतं टोक बुडवायचं. रंग जातोय का बघायचं. न्हाई गेला, तर समदा घालायचा."

तसंच झालं. स्वेटर आटून टोपडं झालं आणि किटलीला चपखल बसलं. दौलू थक्क झाला. हे मात्र त्यानं मनात अगदी कोरून ठेवलं.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. हौसा दारातून वाकून आत आली, इतकी ती उंच. दौलू तिच्या खांद्यालाही लागत नव्हता. केरबांना खुर्चीवर बसवलं. खुर्ची जमिनीलाच टेकलेली, त्यामुळं त्यांचे गुडघे हनुवटीशी आले.

"आमच्यात अशीच बसायची पद्धत हाय," गजराबाई म्हणाली.

चहा आला. केरबांनी किटलीचं निळं टोपडं निरखून बघितलं. "जुन्या स्वेटरचं? काय हात हाय हो तुमचा!" हौसानं पिवळी उशी मांडीवर घेतली आणि ती हसली. घर तिला आवडलं होतं. दौलू कोपऱ्यात गप्प बसला होता, त्यामुळं तोही बरा वाटत होता. गजराबाईला वाटलं, जिंकलं आपण.

केरबांनी कप खाली ठेवला. "आमच्याकडनं होकारच हाय. फकस्त एकच खटकतंय. पोरगी जरा मोठी पडतीया पोराला. जोडा कसा बसंल?"

गजराबाई काही बोलायच्या आत दौलू उठला आणि आत गेला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं.

आतून लाकडं मोडल्याचा आवाज आला. मग भांड्यांचा. बऱ्याच वेळानं दौलू घामाघूम होऊन बाहेर आला. त्याच्या हातात फडक्यानं धरलेलं, वाफा निघणारं घमेलं होतं. ते त्यानं हौसाच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय रं?" केरबा म्हणाले. "पाय धुवायला इतकं कढत पाणी?"

"पाय न्हाई, मामा," दौलू म्हणाला. "मोठा हंडा आत चुलीवर चढवलाय, त्यो समद्या हौसासाठी. हितं आधी नुसती करंगळी बुडवायची. रंग जातोय का बघू."