काळ्या पिशवीचा पिक्चर

“गावात माझं कुणी खरं मानलं नाही, बाबा. आता तुम्हीच सांगा. हा पिक्चर लेकरांना दाखवायचा का नाही?”

मकबूलबाबा पिराच्या ओट्यावर बसून कांदा फोडत होते. चाळीस वर्षं झाली, दर गुरुवारी हा फकीर झोळी घेऊन गावात फिरतो. गावातला तंटा मिटला नाही की लोक त्यांच्याकडंच येतात. मीही आले होते. नातीला, ईश्वरीला, घेऊन.

“बस, बायजा. कुठला पिक्चर?”

“उडणाऱ्या माणसाचा. रविवारी समाजमंदिरात पडदा लावून दाखवणार आहेत. झाडून सारी पोरं बसवणार. मी म्हटलं, दाखवू नका. तर मंडळाची पोरं हसली मला. म्हणे, काकू, तुमची शाळा चौथीपर्यंत, तुम्हाला काय कळतंय त्यातलं! शेवटी ठरलं, बाबा म्हणतील तसं.”

“मी तर पाहिला नाही.”

“मी पाहिलाय. सुनेच्या मोबाईलवर. त्यात एक लोखंडी तोंडाचा राक्षस आहे. काळी पिशवी उघडतो आणि शाळेची अख्खी गाडी पोरांसकट आत ओढतो. पोरं काचेवर हात आपटतात, बाबा... मी तिथंच बंद केला.”

“पुढं?”

“पुढं कशाला बघायचं? हिनं बघितला, आईच्या मांडीवर बसून, शेवटपर्यंत. आता एकटी अंगणात जात नाही. झोपेत ओलं करते. काल जेवता जेवता दाराकडं बघून थरथरली. पाच वर्षांची पोर, बाबा. काय व्हायचं हिचं?”

बाबांनी मान वाकवून ईश्वरीकडं पाहिलं.

ती माझ्या पदरात शिरली. तिची नखं मला रुतली.

“बघा. बघा कशी झालीय.”

“तिला बोलू दे,” बाबा म्हणाले.

“बाळ, त्या गाडीतल्या पोरांचं काय झालं गं?”

पदरातनं आवाज आला. “उडणारा काका आला. त्यानं पिशवी टराटरा फाडली. सगळी बाहेर आली. एकाचा बूट राहिला फक्त.”

“मग भ्यालीस कशाला?”

“त्याला नाही भ्याले.”

“मग?”

तिनं हात बाहेर काढला. बाबांची झोळी खुंटीला लटकत होती. बोट तिकडं होतं.

“भाजी टाकणारी पोरं त्यात जातात, आजी म्हणते. तिथं उडणारा काका येत नाही.”

माझे कान तापले.

“लहान लेकराला असं सगळेच म्हणतात, बाबा. आम्हालाही म्हणायचे. नाहीतर घास उतरत नाही. मी पिक्चरचं विचारतेय!”

बाबा उठले. झोळी काढली आणि ओट्यावर उलटी केली.

अर्धी भाकरी. मिठाची पुडी. तुटका कंगवा. चष्म्याची एक काडी.

“मोज पोरं,” ते ईश्वरीला म्हणाले.

ती पुढं सरकली. झोळी चाचपली. मग तिचं तोंड फाकवून आत डोकंच घातलं.

“अगं, निघ बाहेर!” मी ओरडले.

“तू गप,” बाबा मला म्हणाले.

आतून आवाज आला, “इथं कुणीच नाही...”

आणि मग, “भाकरीचा वास येतोय.”

बाबांनी भाकरी मोडली. एक तुकडा तिला दिला. मला नाही दिला.

“चाळीस वर्षं मी गल्लीत शिरलो की पोरं दारामागं पळतात,” ते म्हणाले. “मला वाटायचं, माझी दाढीच वाईट.”

मी खाली बघितलं. पण उठले नाही.

“रविवारचं सांगा.”

“शेवटपर्यंत दाखवणार आहेत?”

“हो.”

“मग दाखवू दे.”

“आणि मी काय तोंड घेऊन जाऊ? पोर भ्याली ते खोटं का? भेदरलीय ती! कुणीतरी भेदरवलंय तिला. नाव सांगा त्याचं. मंडळासमोर उभी राहून घेते.”

बाबांनी झोळी झटकली. खुंटीला लावली.

ईश्वरी ओट्यावर बसून भाकरी खात होती.

“घेशील?”

“घेईन.”

“बायजाबाई रंगनाथ ढवळे.”