तळ्यावरचं मतदान

पक्षी आपला मुखिया मतं देऊन निवडायचे, त्या काळची ही गोष्ट. एका तळ्यावर नावनोंदणीचं काम म्हातारा बगळा करी. निवडणुकीच्या बऱ्याच आधी तो सगळ्यांची नावं लिहून घेई, पण दर वेळी काही जण आळसाने राहून जात. म्हणून खंड्याने सभेत मागणी केली, "मतदानाच्या जागीच नाव नोंदवू द्या. त्याला कुठे काय खर्च येतो?" सगळ्यांना ते पटलं.

मतदानाच्या दिवशी बगळ्यासमोर ही लांबलचक रांग लागली. नाव नसलेला पक्षी पुढे आला की बगळा विचारी, "घरटं कुठे? साक्षीला कोण?" मग साक्षीदार शोधायला कुणीतरी उडे आणि रांग तिथेच थांबे.

टिटवीचं नाव यादीत केव्हाच लागलं होतं. पण तिची अंडी उघड्या माळावर होती आणि ऊन चढत होतं.

"बगळेदादा, मला आधी मत देऊ द्या हो. अंडी भाजून निघतील माझी."

"जरा थांब बाई," बगळा म्हणाला, "या बदकाचा मामा साक्षीला आला की झालंच."

मामा काही आला नाही. टिटवी मत न देताच माळावर पळाली आणि अंड्यांवर पंख पसरून बसली.

संध्याकाळी खंड्या मिरवत आला. "पाहिलंस ना टिटवीताई? या वेळी एकही पक्षी मतावाचून राहिला नाही!"

"मी राहिले," टिटवी म्हणाली.

खंड्या तिला समजावत म्हणाला, "छे, तू कशी राहशील? तुझं नाव तर आधीपासून यादीत होतं!"